प्रकरण सहा : पीडितास त्रास नको

३ साउन
कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय धोरणातलं सहावं, मानवाधिकाराचं प्रकरण अखेर माझ्याकडे! हे पेलणारा दुसरा उपसचिव अख्ख्या काठमांडूत आहे कुठे? बाकीचे खुर्च्या गरम करतात. संकल्प : रोज दहा पानं. पहिलं तत्त्व : पीडिताला हेलपाटे नकोत.

४ साउन
शीर्षक लिहिलं. चहा तीनदा.

९ साउन, सकाळी ११
गोरखाकडची एक मास्तरीण आली, इंदिरा घर्ती. कुणीतरी मशीनकडून तिचा दारूच्या पार्टीत नाचतानाचा व्हिडिओ बनवून गावभर फिरवलाय. हेडमास्तरने नोकरीवरून काढलं. म्हणाली, सर, ती मी नाहीच. म्हटलं, असं नुसतं तोंडी कसं चालेल? व्हिडिओतली बाई तुम्ही नाही असं वॉर्डाचं शिफारसपत्र आणा. रडायला लागली. या लोकांना पद्धत म्हणून ठाऊक नाही. लिखाण राहिलं.

१७ साउन
मास्तरीण पुन्हा हजर. वॉर्डाध्यक्षाने खात्री करायला पाच जणांची समिती नेमली. समितीने व्हिडिओ चारदा बघितला. सही अजून नाही. बावळट मेले! तिला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

२५ साउन
लिखाण मशीनलाच सांगितलं. चार मिनिटांत नव्वद पानं! वाचली नाहीत, पण भाषा वजनदार दिसते. मास्तरीण येऊन गेली म्हणे. मी मोमो खायला गेलो होतो.

४ भदौ
मास्तरीण यायची बंद झाली. म्हणजे तक्रार निकालात. सचिवांना धोरणाच्या यशाचं एक उदाहरण हवंय. हिचंच देतो.

६ भदौ
तिला फोन केला. म्हटलं, आमच्यामुळे न्याय मिळाला असं दोन ओळी लिहून द्या. म्हणाली, नोकरी केव्हाच परत मिळाली. गावच्या आमा समूहातल्या, म्हणजे आयांच्या मंडळातल्या बायका शाळेत घुसल्या. हेडमास्तरला म्हणाल्या, अहो, हिला तीजेच्या सणाच्या नाचात टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही, ही कसली नाचतेय! तिला तिथेच नाचायला लावलं. दोन मिनिटांत हेडमास्तरने हात जोडले. वर मलाच म्हणते, लाज वाटली सर, पण तुमच्या दारात वाटली त्याहून कमी.
अडाणी बायका. ना नोंदणी-दर्ता, ना शिक्का. सचिवांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. माझं प्रकरण सहा मागवून वाचायला बसले.

१० भदौ
प्रकरण सहा रद्द. नवं सांगायला आमा समूहाच्या सात बायका परवा मंत्रालयात येताहेत. त्या सांगणार, मी लिहून घेणार. हाताने. सचिवांचा हुकूम.
आत्ताच त्यांच्यातल्या एकीचा फोन आला. बाबू, तुला भरभर लिहिता येतं ना?