पाहुण्यांसाठी सजवलेला पूल

चिम्बाले, १२ ऑक्टोबर १९९८

चि. मासाउको यास दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज एक तक्रार मांडतो आहे. राजधानीत बसणाऱ्या अधिकाऱ्याने ती यथाविधि दाखल करून घ्यावी. कोंबडी कापली की तिच्या पोटातला तो जाड, चिवट तुकडा घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात पडतो, हा नियम बापजाद्यांपासून अबाधित चालत आला. गेल्या गुरुवारी तुमच्या खात्याचे पूल तपासणारे साहेब आमच्याकडे जेवले, आणि तुझ्या वहिनीने माझ्यादेखत तो तुकडा त्यांच्या ताटात वाढला. साहेबांना तो चावेना. हळूच तोंडातून काढून त्यांनी ताटाखाली सारला. जन्मभर मुलांना लॅटिन शिकवतो आहे, पण असा अनाचार कुठल्याच ग्रंथात आढळला नाही.

आता मुख्य वृत्तांत. तपासनीस येताहेत, पूल दाखवा, असं तू लिहिलंस. आपले गावप्रमुख मकोम्वा यांनी त्यातला एकच अर्थ घेतला, की पाहुणे येताहेत. आणि पाहुण्याला फाटकी चटई दाखवायची नसते. लिकोंडे नदीवरचे आपले ओंडके तुला ठाऊक आहेत. मधल्या फटींतून पाणी दिसतं आणि एका वेळी एकानेच जायचं. तर चर्चमधल्या बाकांच्या फळ्या काढून त्या ओंडक्यांवर ठोकल्या. कठड्याला चुना मारला. बायकांनी नाच बसवला. साहेब पलीकडे जाऊन आले, मधोमध उभे राहून त्यांनी एक उडीही मारली, आणि म्हणाले, छान राखलाय हो पूल गावाने. मकोम्वांचा ऊर भरून आला. शनिवारी फळ्या उपटून चर्चमध्ये परत नेल्या, कारण रविवारी बसायचं कशावर?

मी मकोम्वांना म्हटलं, अहो, खरं दाखवायचं होतं. तर म्हणाले, मास्तर, पाहुण्यासमोर अंगावरचं सोडून ठिगळं दाखवू का? शिवाय आपल्यात म्हणतातच, धारदार सुरी पाहुणाच घेऊन येतो, घरच्यांचं अडलेलं तोच सोडवतो. आणली असेल तर काढेलच.

आमच्या लेकीला, एनिफाला, सहावा महिना सरत आला. मागच्या खेपेस पोट फाडून मूल काढावं लागलं होतं, म्हणून नर्सबाईंनी बजावलंय की हे बाळंतपण नदीपलीकडे, जिल्ह्याच्या ठाण्याला, बोमाच्या दवाखान्यातच व्हायला हवं. घरी झालं तर जुना टाका उसवेल आणि मग कोणाच्या हाती काही नाही. दिवस जानेवारीचे, म्हणजे ऐन पुराचे. जावईबापू जोहान्सबर्गला असतात आणि पत्रातून तिथलं हवामान कळवतात. तेव्हा पावसाआधी लोखंडी तुळया टाकून देतो म्हणाला होतास, तेवढं बघ.

मुलांना पापे. आमच्यावर लोभ असू दे आणि तुझ्या साहेबांना चावायला शिकव.

तुझा दादा,
जैलोस


लिलाँग्वे, ५ नोव्हेंबर १९९८

ती. दादांस मासाउकोचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तक्रार दाखल झाली. त्या तुकड्याची भरपाई सुटीत आलो की करीन. माझी तक्रार जरा मोठी आहे, पण ती ऐकून घ्यायला या इमारतीत कोणी नाही.

तपासणीचा अहवाल आला. चिम्बाले: पूल वापरात, भक्कम, कठडा रंगवलेला, गावाची देखभाल अनुकरणीय. आपलं नाव यादीतून गेलं. इतकी वर्षं मी ते तिथे नखांनी धरून ठेवलं होतं. वर ते साहेब माझ्या टेबलापाशी येऊन माझं अभिनंदन करून गेले, की तुमच्याकडचे लोक फार कष्टाळू, असेच हवेत.

तुळया कुठे गेल्या विचारा. मत्साकेला, आपल्या आत्याच्या सासरी. त्या लोकांनी आदल्या दिवशी आपल्या पुलाच्या धड फळ्या काढून घरात लपवल्या. साहेबांना पँट दुमडायला लावून चिखलातून नेलं. जेवायला काही नाही, नुसतं पाणी, तेही गढूळ. एका म्हातारीला पाठीवर घेऊन नदी ओलांडून दाखवली. ती म्हातारी एरवी डोक्यावर मक्याचं पोतं घेऊन बाजारात जाते. साहेबांना गहिवरून आलं.

दादा, इथला पैसा परदेशातून येतो. देणाऱ्यांना पूल बांधायची हौस, राखायची नाही. फीत नव्या पुलाची कापता येते; जुन्याचा गंजका बोल्ट बदलला तर फोटो कोण काढणार? म्हणून आधी पूल पडू द्यायचा, मग मागायचा. मी एक टिपण दिलं होतं. डिझेलवर जो कर घेता त्यातला थोडा जिल्ह्यातच ठेवा, गावोगावचे सुतार-गवंडी हाताशी धरा, दरवर्षी पावसाआधी डागडुजी करा. नव्या पुलाच्या एका खांबाच्या पैशात अर्धा जिल्हा सावरेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला, त्याचा डाग तेवढा पक्का बसलाय.

एक वाट उरली आहे. मकोम्वांनी स्वतः बोमाला जाऊन जिल्ह्याच्या साहेबांना सांगावं, की त्या दिवशी पूल सजवलेला होता. मग मला फेरतपासणी मागता येईल. एवढं त्यांच्या गळी उतरवा. तोवर एनिफाला माझ्याकडे पाठवता का?

वहिनींना नमस्कार. तुमच्या लोभाच्या यादीतून मात्र आम्हाला काढू नये.

आपला,
मासाउको


चिम्बाले, २४ नोव्हेंबर १९९८

चि. मासाउको यास आशीर्वाद, वि. वि.

मकोम्वांकडे जाऊन आलो. त्यांनी आधी मक्याची आंबील पाजली, सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, मास्तर, म्हणजे मी बोमाला जाऊन सांगू की पाहुण्याला फसवलं? माझ्या आजाने दुष्काळात बियाण्याचा मका दळून पाहुण्याला घातला, आणि मी म्हणू माझा पाहुणचार खोटा? मी म्हटलं, पाहुणचार खरा, पूल खोटा. ते म्हणाले, त्या दिवशी दोन्ही एकच होतं. मी आंबील संपवली आणि घरी आलो.

मत्साकेकर पडले थट्टेचे नातलग, गप्प बसले तर पाप लागेल. आत्याचा सिपोलो भर बाजारात ओरडून विचारतो, काय मामेभावा, चुना उरलाय का? आमच्या लोखंडाला नको, तुझ्या दाढीला लाव. मी विचारलं, म्हातारीला पाठीवरून उतरवलंस, की दुसऱ्या साहेबाची वाट बघतोस? बाजार हसला, मीही हसलो. ते हसू घरापर्यंत पुरलं नाही.

एनिफाला तुझ्याकडे पाठवणं नर्सबाईंनी वर्ज्य ठरवलंय. त्या खड्ड्यांतून बसने नेण्यापेक्षा इथेच बसू द्या म्हणाल्या. दवाखान्याच्या आवारात बायकांना थांबायला खोली आहे, पण नववा लागल्याखेरीज घेत नाहीत. खाटा थोड्या, पोटं फार. तेव्हा नववा लागला की नेईन. आपले ओंडके गेले तर मत्साकेच्या पुलावरून जाईल. टोमणे खात जाईल, पण जाईल. त्यांच्या तुळया कधी पडताहेत ते कळव.

दादा


लिलाँग्वे, ११ डिसेंबर १९९८

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

मत्साकेच्या तुळया सीमेवर पडून आहेत. ट्रकला डिझेल नाही, आणि डिझेलचा टँकर ज्या पुलावरून येतो तो खचलाय. हे मी रचत नाही. कोनशिला मात्र बसली. मोठी माणसं आली, फीत कापली आणि नदी न ओलांडताच परत गेली. गावकऱ्यांनी लपवलेल्या फळ्या परत लावायला काढल्या, तर त्यांना मनाई झाली, कारण कागदोपत्री तिथे काम चालू आहे.

पत्र मिळताच एनिफाला पलीकडे न्या. खोलीत घेत नसतील तर दवाखान्याच्या ओट्यावर राहील, वहिनी सोबत राहतील. ओंडके आहेत तोवर न्या. थांबू नका.

आपला,
मासाउको


चिम्बाले, २ जानेवारी १९९९

चि. मासाउको यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र नाताळानंतर डोंगीवाल्याने पलीकडून आणून दिलं. नदी त्याच्या आधी आली होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. तुझ्या वहिनीने भांडीकुंडी बांधून ठेवली होती. सणाच्या दिवशी पोरीला घराबाहेर कुठे काढायची, असं घरात सगळ्यांचंच मत पडलं, आणि नाताळच्याच संध्याकाळी वरून पाणी आलं. ओंडके गेले. मत्साकेला तर नुसती कोनशिला, तीही आता पाण्याखाली.

मकोम्वा रोज येतात. एनिफाची विचारपूस करतात आणि अंगणात बसून राहतात. काल म्हणाले, मास्तर, मी बोमाला जाऊन सांगतो, काय म्हणायचं ते म्हणू देत मला. मी म्हटलं, जा. पण जायचं कशावरून? त्यांच्यावर रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. आपल्याकडे पाहुण्याला चांगलं दाखवण्याची शिक्षा होते आणि वाईट दाखवण्याचं बक्षीसही मिळत नाही, असा नवा सिद्धांत मी मांडला. तो ऐकून ते हसले नाहीत.

डोंगीवाला चिसाले उद्या पहाटे पुन्हा एकटा पलीकडे जायचं धाडस करणार आहे. एनिफाला ने म्हणून तुझ्या वहिनीने त्याचे पाय धरले. तो म्हणाला, मावशी, पत्र नेतो. बुडालं तर मास्तर दुसरं लिहितील. पोटुशी बाई मी नेणार नाही. म्हणून हे पत्र.

सकाळपासून एनिफाला कळा येताहेत. सुईण म्हणते खोट्या असतील, पण माझ्याकडे न बघता म्हणते. अंगणातून पलीकडच्या टेकडीवर दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर स्वच्छ दिसतं. पोर तिकडे बघते आणि मला विचारत नाही.

तुला कडक शब्दांत काही लिहावं असं मनात होतं. तुझ्या खात्याला, त्या साहेबांना. आता नको. मासाउको, मला फार भीती वाटते. माझी लेक मरेल असं वाटतं.

तुझा दादा