वजनकाटा मी लाँड्रीला दिला

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे वाकवतं तेवढं. पोट मध्ये येतं हे तुला ठाऊकच आहे, आणि आजचं पत्र त्याच्याचविषयी आहे.) भावोजींच्या गुडघ्याला उतार पडला का? तुझा आवाज मागच्या खेपेला बसल्यासारखा वाटला. गुळण्या करतेस ना? शाळेत मुलांची कवायत घेणं कधीच संपलं, तरी तू फोनवर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं बोलतेस, मग घसा बसेल नाही तर काय होईल!

पत्र अशासाठी की हे तोंडाने सांगायची माझी छाती नाही. ताई, मी डाएट सोडलं. बसून वाचते आहेस ना? दर रविवारी सकाळी तुझा फोन येतो, तू "किती?" म्हणतेस, मी काट्यावरून उतरून आकडा सांगते. कमी असला तर "शाबास" म्हणून तू फोन ठेवतेस, वाढला असला तर चांगली तासभर झाडतेस. आता आकडाच नाही म्हटल्यावर तू फोन तरी कशाला करशील, ही धास्ती मला रोज खाते आहे. (चला, आता आम्ही दोघीही पोटभर खातोय.)

झालं असं की तू सांगितलेलं ते दुधीचं सूप मी नेमाने पीत होते. सकाळी सूप, दुपारी सूप, रात्री त्याच सुपात पाणी घालून सूप. चौथ्या दिवशी लाँड्रीत काउंटरवर उभी होते, गिऱ्हाइकाच्या कोटाला नंबराची चिठ्ठी टाचत होते, आणि एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले ती नेमकी धुवायला आलेल्या रजयांच्या ढिगात. मऊ पडले म्हणून आवाज नाही, आवाज नाही म्हणून कोणाला पत्ता नाही. मालक आपले चष्मा कपाळावर ठेवून कामाला लागलेले. त्यांनी वरची रजई मोजली, खालची मोजली आणि माझ्या बाहीला चिठ्ठी टाचली! टाचणी टोचली तेव्हा मी किंचाळले. मालक इतके दचकले की रजयांत तेही माझ्याशेजारी बसले. मग स्वतःच्या डब्यातला लोणी लावलेला पाव माझ्या हातात कोंबून म्हणाले, "आधी खा बाई, मरायचं ते सुट्टीच्या दिवशी." ताई, त्या पावाची चव तुला काय सांगू! मी रडतच खाल्ला. भुकेने रडले असंच मालकांना वाटलं असणार. पण मला खायला लावणारं माणूस मी किती दिवसांनी पाहत होते, ते त्यांना कुठून माहीत?

खरं सांगू का, डाएटची मला सोबत होती. कामावरून आलं, कुलूप उघडलं की घरात चिटपाखरू नाही. मग मी बटाट्याशी भांडायची. तुला खाणार नाही म्हणजे नाही, असं मोठ्याने बजावायची. (शेजारीण एकदा विचारून गेली, पाहुणे आलेत का म्हणून.) आणि माझं कपाट तर तू पाहिलंच आहेस. त्यात सगळे कपडे त्या बारीक बाईचे, जी मी पुढच्या वर्षी होणार होते. दर खेपेला टेलरबाईंना मीच सांगायची, दोन इंच कमी धरा, मी उतरणारच आहे. ती बाई काही आली नाही. तिचे कपडे घडी घालून आत, आणि माझे दोन जोड खुर्चीच्या पाठीवर. आपल्याच घरात मी पोटभाडेकरू! आणि गंमत म्हणजे लाँड्रीत दिवसभर मी जगाच्या कमरा बघते. भल्याभल्यांच्या पँटींना मागून पट्टी जोडलेली, बटणं सरकवलेली, सेफ्टीपिना तर विचारू नकोस. एकाही गिऱ्हाइकाबद्दल माझ्या मनात कधी वाकडं आलं नाही. मग स्वतःलाच मी कसल्या शिव्या घालत होते गं?

तेव्हा काटा उचलला आणि लाँड्रीत नेऊन ठेवला. आता त्याच्यावर चादरींची गाठोडी बसतात, आणि वजन जास्त भरलं तर मालक खूश होतात. कपाट रिकामं केलं. मालकांच्या मुलीच्या लग्नाचं जेवण होतं, त्यासाठी नवा निळा ड्रेस शिवायला टाकला, आणि टेलरबाईंनी टेप लावल्यावर या खेपेला श्वास आत ओढला नाही. त्यांनी आकडा लिहिला, मी विचारलादेखील नाही. दुकानात घालून पाहिला तर असा चोख बसला की काय सांगू. आरशात जी बाई दिसली ती जाडीच होती, पण बरी होती. मला आवडली. तिला मी आणखी उपाशी ठेवणार नाही. जेवणही झकास झालं म्हणतात.

बाकी सर्व क्षेम. मी मजेत आहे, माझी अजिबात काळजी करू नये. भावोजींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझी,
जाडी (हे नाव तूच ठेवलेलंस, आता मी रीतसर घेतलं)

ता. क. सूप सोडल्याबद्दल रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण फोन करून रागाव.

ता. क. २. वर "जेवण झकास झालं म्हणतात" असं लिहिलं, कारण मी गेले नाही. तयार झाले होते. केस विंचरले, चपला घातल्या, आणि पाठीची चेन अर्ध्यात अडकली. पोट ओढलं, श्वास कोंडला, भिंतीला पाठ घासली. इतकी वर्षं चेन लागली नाही की मी दुसऱ्या दिवसापासून उपास धरायची. पण दुकानात तर हीच चेन टेलरबाईंनी एका झटक्यात वर नेली होती! तेव्हा पलंगावर बसले आणि ध्यानात आलं की पोटाचा यात काडीचा दोष नाही. माझा हातच तिथवर पोचत नाही, आणि घरात दुसरा हात नाही. शेजारणीला हाक मारायला लाज वाटली. उघड्या पाठीने बसून राहिले, मग दिवा घालवून झोपले.

ता. क. ३. मालकांनी मला परत जेवायला बोलावलंय, पुढच्या महिन्यात. ताई, चार दिवस येऊन जा ना. मी पाठ करून उभी राहते.