टाकीत दिलेली ओ

आबा, आज आपली पाण्याची टाकी गळली. तुमचा टेम्पो कधीच भंगारात गेला, त्याच्या जागी दुसरी गाडी आली, पण तिच्या पाठीवर टाकी अजून तुमचीच, लोखंडी. सकाळी भरून निघाले आणि वरच्या कातळी सड्याच्या चढणीला आरशात बघते तर मागे तांबड्या धुळीत ओली रेघ. नेमकी आज सड्यावरच्या वाडीत हळद, तिथली विहीर आटलेली, आणि नवरीची आई फोनवर फोन करतेय, "येतेस ना गो? भाताचं आधण ठेवायचं खोळंबलंय." आलेच म्हटलं आणि गाडी वळवून घरी आणली. तुम्ही मारलेल्या जुन्या बोल्टाच्या शेजारीच पत्रा गंजून करंगळी जाईल एवढं भोक पडलेलं. वेल्डिंगवाल्याला दाखवलं तर म्हणाला, पत्रा झिजलाय, जाळ लावला तर भोक आणखी वाढेल, उद्या आणा, मोठी पट्टी मारू. उद्या घेऊन काय करू? हळद आज आहे!

मग तुमचाच उपाय उरला. सायकलच्या ट्यूबची चकती घालून बोल्ट आतून बाहेर काढायचा, बाहेरून दुसरी चकती लावून नट आवळायचा. आतल्याने पान्याने बोल्टाचं डोकं धरायचं, बाहेरच्याने आवळायचं. दोघं लागतात. तेव्हा आत मी असायची, कारण वरच्या तोंडातून शिरेल एवढी बारीक घरात मीच. आत काळोख आहे, गंजाचा वास आहे, तुम्ही बाहेर नट फिरवताय आणि दर आट्याला हाक मारताय, "हायस ना गो बाय?" मी म्हणतेय, "ओ." एकदा गंमत म्हणून मी ओ दिलीच नाही. तुम्ही पाना टाकून वर चढलात, दंडाला धरून मला बाहेर ओढलंत आणि सणसणीत कानाखाली दिलीत. "हाक मारली की ओ द्यायची! मस्करी हाय काय?" आई धावत आली. म्हणाली, पोरीला मारून वर तुम्हीच काय थरथरताय? मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

आज उरलेलं पाणी सोडून मी आत शिरले, म्हणजे कशीबशी; आता काय मी बारीक राहिलेय! यांचं पोट तर त्या तोंडातून जाण्याचा प्रश्नच नव्हता. हे म्हणाले, "अडकलीस तर टाकीसकट तुला हळदीला पोचवतो." एवढी एक मस्करी केली आणि मग तोंडाला कुलूप. पान्याची करकर तेवढी ऐकू येते. माझा जीव घाबरा व्हायला लागला.

"अहो, बोला ना काहीतरी!"

"काय बोलू?"

"काय पण बोला. हाक मारा."

"हातभर लांब आहेस, हाक काय मारायची?" म्हणाले आणि परत गप्प.

तुम्ही बाहेर उभे राहून किती घाबरत होतात, ते मला आज आत बसून कळलं. आणि दवाखान्यात त्या दिवशी मी तुम्हाला इतक्या हाका मारल्या, तुम्ही एकदाही ओ दिली नाहीत. मला कानाखाली मारून नियम शिकवलात आणि स्वतः मोडलात. अजून माझा राग जात नाही, काय करू?

आतली चकती कडेने जरा फुगली तशी मी "बास!" म्हणून ओरडले, नाहीतर यांनी पत्रा फाडला असता. टाकी पुन्हा भरली, पाणी पोचलं. नवरीच्या आईने आधी हातावर लाडू ठेवला आणि मग उशिराबद्दल मनसोक्त बडबडली. टाकी रिकामी करून घरी आले, परत भरून ठेवली, तरी स्वस्थ बसवत नाही. लिहिता लिहिता उठते, बोल्टाखाली बोट फिरवते, कोरडं लागतं, पुन्हा येऊन बसते.

हे तुम्हाला कुठे पाठवणार! पान्यांच्या पिशवीत घालून ठेवते. एकच सांगायचं राहिलं. नट आवळत आला तेव्हा आतून मी चांगली मोठ्याने "ओ" म्हणाले. बाहेरून यांनी विचारलं, "कोणाला ओ दिलीस?"

"तुम्हालाच," म्हटलं. "आत्ता हाक मारलीत ना?"

यांनी हाक मारली नव्हती आबा.