खाडीच्या तोंडाशी सत्तावीस ठिपके

प्रिय ताई,

बंदराच्या कचेरीनं तुला मोजणीच्या कामावरून बाजूला बसवलं, हे मला शेजारच्या बाइंडरकाकांकडून कळलं. खाडीच्या तोंडाशी पूर्वी वाळूचा दांडा होता, तो आता पुन्हा वर येतोय, तिथे धक्का बांधला तर बोटी रुततील, असं तू अहवालात लिहिलंस. पुरावा म्हणून आपल्या जुन्या नकाशाचा दाखला दिलास. साहेबांनी संग्रहालयातून नकाशा मागवला, भिंग लावलं, तर खाडी कोरी करकरीत. सगळे तुला हसले म्हणे. खरं सांगू? ऐकून आधी मला बरंच वाटलं. अर्धा दिवस अगदी मजेत गेला.

माझा हेवा तुला काही नवा नाही. बाबा तुला दुर्बीण म्हणायचे आणि मला टिपकागद, कारण मी गप्प बसून सगळं शोषून घेते. तो नकाशा तेव्हा दुकानात त्यांच्या टेबलासमोर लटकायचा. मला त्यातली जहाजं आवडायची, कोपऱ्यातला गाल फुगवलेला वारा आवडायचा. कोरणाऱ्यानं तांब्याच्या पत्र्यावर हे सगळं उलटं कोरलं असेल, एकेक लाटसुद्धा, या विचारानं मी बघतच राहायचे. तू नऊ वर्षांची असताना भिंग घेऊन आलीस, खाडीतले ठिपके मोजलेस आणि ही वाळू दाखवलीय म्हणालीस. सत्तावीस. तोवर बाबांना ती माशीची घाण वाटत होती. येईल त्या गिऱ्हाइकाला ते ‘हा आमच्या मोठीचा दांडा’ म्हणून दाखवायला लागले. त्याच आठवड्यात मी नकाशातली अकराही जहाजं वहीच्या कागदावर काढली होती. बाबांनी पाहिली, छान म्हणाले, आणि त्यावर खळीचं भांडं ठेवलं.

पुढे बाबांनी नकाशा संग्रहालयाला दिला, तू समुद्रावर गेलीस आणि मी जुने कागद दुरुस्त करत दुकानात राहिले. बाबांची नजर गेल्यावर तुझी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायचे, एकेक पत्र तीन-तीनदा. मला त्यांच्या औषधांच्या वेळा पाठ होत्या आणि त्यांना तुझ्या मोजण्यांचे आकडे.

गेल्या वर्षी संग्रहालयानं तो नकाशा साफ करायला आपल्याकडे पाठवला. आपला नियम तुला आठवतच असेल: कागद पाण्यात घालण्याआधी त्यावर पारदर्शक कागद ठेवून रेघ न् रेघ गिरवून घ्यायची, खाली तारीख टाकायची. मी गिरवून घेतलं, नकाशा धुतला, वाळवला. मग खाडीतले ठिपके डाग समजून पात्यानं खरवडले.

डाग समजून, असं मी आजवर स्वतःलाही सांगत आले. पण डाग कागदात मुरलेला असतो, आणि कोरीव छापाची शाई बोटाला उंच लागते. पहिल्याच ठिपक्याला ती मला लागली होती. त्यानंतर मी उरलेले सव्वीस काढले. त्या पत्र्यावरून छापलेली दुसरी प्रत कुठेच उरलेली नाही, हेही मला माहीत होतं.

नकाशा परत पाठवायच्या आदल्या दिवशी बाबांनी तो मागून घेतला. त्यांना दिसत तर काहीच नव्हतं. किनाऱ्यावरून अंगठा फिरवत नेला आणि खाडीशी आल्यावर थांबले. पुन्हा फिरवला. मग एवढंच म्हणाले, “गिरवून ठेवलंयस ना?” मी हो म्हटलं. “मग तो कागद जपून ठेव.” ओरडले असते तर सोपं गेलं असतं. दोन महिन्यांनी ते गेले, आणि तुला सांगायचं मी टाळतच राहिले.

तो कागद या पत्रासोबत आहे. सत्तावीस ठिपके, तारीख, माझी सही. मी काय केलं ते लिहून आज सकाळीच संग्रहालयाला पाठवलंय. तुझ्या साहेबांसाठी त्या पत्राची नक्कल आत आहे. आता जुना नकाशा माझ्या हातात कोणी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तुझा हेवा अजून गेलेला नाही, तो जाईल असं वाटतही नाही. फक्त साहेबांना कागद दाखवण्याआधी तो एकदा खिडकीत उजेडासमोर धर आणि खाडीकडे जायच्या आधी जहाजं बघ. अकराही आहेत. फार नीट गिरवली आहेत मी.

तुझीच,
टिपकागद