मी माहेरची लेले

३ मार्च २००७, लेस्टर

मोडली! फाट्कन! सगळ्या वर्गासमोर!
युकुलेलीची — त्या चार तारांच्या इवल्याशा गिटारीची — कड वळवायला ओली लाकडी पट्टी गरम पाइपवर दाबली, आणि मी — निवृत्त ऑर्थोपेडिक सर्जन, लोकांची हाडं जोडण्यात जन्म गेला — तिचे दोन तुकडे करून मोकळी.
अंकल कावीका पोट धरून हसले. होनोलुलूहून आलेत, आठवडाभर वाद्य बनवायला शिकवायला. सत्तरी उलटलेली. वर्गातले गोरेसुद्धा त्यांना 'अंकल' म्हणतात — अगदी आपल्या देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर असल्यासारखं!
म्हणाले, "डॉक्टर, जबरदस्ती नको. तयार झालं की लाकूड आपणहून वळतं."

४ मार्च

वळलं! वळलं!!
उदयला फोन केला. "छान. सीमा, सात अक्षरी नदी सांग." नवरा क्रॉसवर्डमध्ये. आयुष्यभर पेशंटना भूल दिली, आता स्वतःच गुंगीत.

६ मार्च

आज हसून हसून बरगड्या दुखल्या.
अंकल जुन्या गोष्टी सांगत होते. मडेरा बेटावरून पोर्तुगीज सुतार उसाच्या मळ्यांत राबायला हवाईत आले. त्यांच्या चिमुकल्या गिटारीवरून हे वाद्य निघालं. अंकलचे आजोबा त्यांच्यातल्याच एकाच्या हाताखाली शिकले. आजी पायरीवर गल्लीतली पोरं बसवून वाजवायला शिकवायची — बोट चुकलं की गाणं पहिल्यापासून!
"आणि म्हणा ऊकुलेले. यू नाही — ऊ! ऊकू म्हणजे पिसू. किंवा डोक्यातली ऊ. लेले म्हणजे उडी."
मी किंचाळलेच. "अंकल, आमच्या भाषेतही ऊ म्हणजे ऊ! आणि मी माहेरची लेले!"
सगळा वर्ग डोकं खाजवायला लागला. मला आता 'मिस लेले' म्हणतात. एकसष्टाव्या वर्षी!

८ मार्च

जेवताना अंकलना सहज विचारलं, तिकडचं तुमचं वाद्यांचं दुकान आता कोण बघतं?
"मी. आणि मांजर."
मुलगा पायलट, मुलगी वकील. दोघांनाही यात यायचं नाही. "माझ्यानंतर कुलूप," म्हणाले आणि सँडविच खाऊ लागले.

९ मार्च

तारा चढवल्या. वाजलं!! माझ्या हातचं वाजलं!
अंकलनी डोळे मिटून ऐकलं. परत वाजवायला लावलं. मग म्हणाले, "होनोलुलूला ये. वर्षभर. आजोबांनी मला शिकवलं ते सगळं तुला शिकवतो."
"अंकल, माझं वय?"
"उत्तम. तरुण पोरं फार घाई करतात."
घरी येताना चुकीच्या बसमध्ये बसले. उतरले तर कुठे! तरी हसतच होते.

१० मार्च

उदयला सांगितलं. आधी हसला. मग पेन खाली ठेवलं.
"आणि मी? या घरात एकटा?"
चाळीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी आहे. म्हटलं, "नाही कळवते त्यांना."
किचनमध्ये जाऊन वाजवत बसले. तिथेही हसू येत होतं, मधेच रडू. वेडी झालेय मी.

१३ मार्च

होनोलुलूला फोन लावला. रिंग वाजली. ठेवून दिला.

१७ मार्च

घरासमोर 'टू लेट'चा बोर्ड!!
धावत आत गेले. उदय फुलाफुलांच्या शर्टला इस्त्री करत होता. "असं काय बघतेस? भाडेकरू जूनमध्ये येतायत. सीमा, तिकडे हाफ चड्डी चालते ना गं?"