फेब्रुवारीचं बर्फ

२८ ऑगस्ट १९५५. आलापल्ली

आज पुन्हा तळहात! वहान साहेबाचे डोळे मोतीबिंदूनं गेले. भावाची पत्रं येतात ती त्यांच्या आर्मेनियन अक्षरांत. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. पण चित्र तर काढता येतं. मग एकेक अक्षर बघून बोटानं त्याच्या तळहातावर काढतो. तो वाचतो, अन् आमच्या हिंदीत मला सांगतो. एका पत्राला दोन दुपारा!

साहेब इस्तंबूलला वर्तमानपत्र चालवायचा. चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या सरकारनं हाकललं. फिरत फिरत कलकत्ता, मग इथं लाकडाच्या डेपोत. धाकटा भाऊ क्रिकोर तिथंच राहिला, छापखाना चालवतो. साहेब अजून इथल्या बातम्या धाडतो, पट्टीच्या आधारानं, अंदाजानं लिहून. डेपोतल्या लालसूचा बैल वाघानं मारला, ते तिकडं छापून आलं! लालसू म्हणे, "बैलाचं नाव छापलं का?"

मी ब्रह्मपुरीहून निघालो होतो बस्तर बघायला. चार दिवस थांबतो म्हणालो. दीड वर्ष झालं.

२ सप्टेंबर

काही नाही. पाऊस. जळवा.

१३ सप्टेंबर

टपाल आणायला अहेरीला गेलो. वाटेत कोंबड्यांची झुंज लागली होती — दुपार तिथंच गेली. लाल कोंबडा काय लढला!

पोस्टमास्तरनं नागपूरचा पेपर पुढं केला. "तुया साहेबाचंच गाव ना हे?" इस्तंबूलला एका रात्रीत जमावानं ग्रीक अन् आर्मेनियन लोकांची दुकानं फोडली. चार ओळी. छापखान्याचं काही नाही.

घरी येऊन सांगितलं, कोंबडा जिंकला. दुसरं काही सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर

"पत्र?"
"नाही, साहेब."

४ ऑक्टोबर

साहेब व्हरांड्यात येरझारा घालतो. काठी टेकून म्हणतो, हा इस्तंबूलचा पूल. इथून डावीकडं चढ. बासष्ट पायऱ्या, मग पाववाला, मग आपलं दार. क्रिकोरला भेटल्याशिवाय मी मरत नाही, म्हणतो. मलाही आता ती वाट डोळे मिटून चालता येईल. गेलो तर आधी पाव खाईन.

पेपरातल्या त्या चार ओळी डोक्यातून जात नाहीत.

१५ ऑक्टोबर

आलं. जाड पाकीट. अहेरीहून येताना रस्त्यातच फोडलं. आत आम्हीच धाडलेली तीन पत्रं, न उघडलेली! अन् एक चिठ्ठी. अक्षर क्रिकोरचं नाही. त्याचं वळण मी हजारदा काढलंय, झोपेतही ओळखीन.

मोहाच्या झाडाखाली बसलो. एक मुंगूस दिसलं, त्याच्याकडंच बघत राहिलो.

साहेब दारातच उभा. "आलं ना? तुझ्या पावलांवरून कळलं."

पाकीट माझ्या पिशवीत गेलं. पेटीतून जुन्या पत्रांतलं हाताला लागलं ते उचललं — कुठलं ते मला काय कळणार! — अन् त्याच्या तळहातावर काढू लागलो. पहिल्या ओळी झाल्या अन् तो म्हणाला, "छापखान्याच्या छपरावर बर्फ पडलंय."

माझं बोट थांबलं. हे फेब्रुवारीचं! छपाईच्या खिळ्यांच्या पेटीत मांजर व्यालं, ते. तेव्हा दोन दिवस हसला होता.

थांबून कसं चालेल? काढत गेलो. मांजरापाशी आलो तर पुन्हा हसला. विसरला असेल. सकाळचं औषध घेतलं का तेही विसरतो तो.

शेवटी त्यानं मूठ मिटली. बराच वेळ उघडली नाही. "शाबास, बेटा," म्हणाला.

२२ ऑक्टोबर

रोज दुपारी तेच पत्र मागतो. तळहात पुढं करतो. मीही काढतो. आता मला ते पाठ झालं — अर्थ नाही, नुसते आकार.

व्हरांड्यातला पूल बंद आहे. काठी कोपऱ्यात.

निघून जावं वाटतं. बस्तर, कुठंही. पण ते पत्र त्याला दुसरं कोण काढून देईल?

३० ऑक्टोबर

गावाबाहेर लालसूच्या माडिया लोकांचे दगड आहेत. माणूस मेला की त्याच्या नावानं एक उभा करतात. आज त्या रांगेपासून थोडा अलग एक नवा दिसला. ताजी माती. लालसू तिथंच होता. विचारलं, कोण मेलं?

"साहेबाचा भाऊ."

कोणी सांगितलं तुला?

"साहेबच बोलला. पत्र आलं ना, त्याच संध्याकाळी. दसऱ्याच्या आंधी तिकडे बर्फ नाई पडत म्हणे." मग खाली बघून म्हणाला, "पोराले सांगू नोको बोलला. त्याले वाटते, साहेबाले मालूम नाई."

दुपारी साहेबानं तळहात पुढं केला. मी पेटी उघडली.