जवळून बोलणारी

सोमवार, ४ तारीख

कुणी 'कशी आहेस' विचारायच्या आधी माझी तक्रार लिहून ठेवते. या घरात माझा फोन ताळ्यावर नाही. स्वयंपाकघरात बसून धाकट्या बहिणीशी बोलायला घेतलं, की पडद्यावर तिचं तोंड उघडं राहतं आणि पुढे काही नाही. तोंड उघडं राहणं ही तिची जन्माची सवय, पण एरवी त्यातून आवाज तरी येतो.

बाकी आले ती सुखरूप. लेक नोकरीला लागली, म्हणून नातीला सांभाळायला मला बोलावलं. घर इमारतीच्या अगदी टोकाला, उजेड भरपूर. नात दारातच बिलगली. एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. इंटरनेटचे डबे दोन, एक बैठकीत, एक भिंगरीच्या खोलीत. तिच्या खोलीत कॅमेरा, आणि खोलीखोलीत बोलके स्पीकर. मी ओट्याशी बोलायचं, तिला तिकडे ऐकू जायचं. माझा घसा आजवर तीन घरं ओलांडून जात होता, पण जावई म्हणाले, आईंना त्रास नको.

ही वही लेकीनं दिली. कटकट करायची ती यात कर म्हणाली. चौथीपर्यंत शिकलेय, कटकटीला पुरतं.

दोघं दिवसभर बाहेर, म्हणून भिंगरीला खूण शिकवली. बाहेरून कुणी 'मी आजी' म्हणालं तरी दार उघडायचं नाही. विचारायचं, उंदराला मिशा किती? मी म्हणणार, पाच, सहावी मांजरीनं नेली. पोरीला एवढं आवडलं की दिवसभर स्पीकरवरून तेच चाललंय.

बुधवार, ६ तारीख

फोन सुधरेना, म्हणून जावयांनी वायरवाला पाठवला. शिडीसारखा उंच माणूस. म्हणाला, तुमचा फोन चुकीच्या डब्याला चिकटतोय. मी म्हटलं, दोन्ही डबे आमचेच, त्यात चुकीचा कोणता? तर म्हणाला, तिसरा.

झालंय ते असं. जुन्या घरातल्या डब्याचं नाव आणि पासवर्ड जावयांनी इथेही तेच ठेवले. एकेक वस्तू नव्यानं जोडत बसायला नको म्हणून. आता तेच नाव, तोच पासवर्ड घेऊन आणखी काहीतरी जवळपास बसलंय. वायरवाला म्हणाला, यंत्राला माणूस कळत नाही आजी, नाव आणि खूण कळते. दोन्ही जुळली, की ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे ते जातं. मी म्हटलं, आमच्या थोरल्या भावाचंही असंच होतं.

तो हसला आणि फोन हातात धरून घरभर हिंडला. भिंगरीच्या खोलीमागे अडगळीची लहानशी खोली आहे. तिच्या शेवटच्या भिंतीपाशी फोनवरचा जोर पूर्ण भरला. भिंतीपलीकडे काही नाही. घर टोकाचं, पलीकडे नुसती हवा. त्यानं भिंतीला कान लावला आणि मग हसला नाही. नाव-पासवर्ड आजच बदला म्हणाला, चहा न घेता गेला. त्याचा पेचकस इथेच राहिलाय, न्यायला आला नाही.

जावयांना सांगितलं. रविवारी बघू म्हणाले.

शुक्रवार, ८ तारीख

दुपारी ओट्याशी उभी राहून स्पीकरवर सांगितलं, दूध पिऊन टाक. थोड्या वेळानं भिंगरी आली आणि म्हणाली, आजी, तू दोनदा का बोलतेस? आधी दूध पी म्हणालीस, मग दूध ठेव आणि इकडे ये म्हणालीस.

इकडे म्हणजे कुठे, विचारलं. तिनं अडगळीकडे बोट केलं.

मी फोनवर कॅमेरा लावला. भिंगरीचीच खोली, तोच पलंग, पण खिडकी उलट्या बाजूला. पलंगावर कुणी पाठमोरं बसलेलं. खांद्यावर माझी शाल. माझी शाल माझ्या अंगावर होती.

मी भित्री नाही. नवऱ्याला स्मशानात पोचवून आले त्या दिवशी घरी येऊन भांडी घासली. पण फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ हात लावला नाही.

लेकीला सांगितलं. तिनं जावयांकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळतो, मीही माझ्या सासूकडे तसंच पाहायची. आईला झेपत नसेल तर भिंगरीला पाळणाघरात ठेवू आणि आईला गावी सोडू, असं हळूच म्हणाली. मी गेले तर पोर या भिंतीच्या ताब्यात. म्हणून गप्प बसले. मला गप्प बसलेलं पाहून लेक जास्त घाबरली.

रविवार, १० तारीख

जावयांनी नाव-पासवर्ड बदलला. दिवस त्यातच गेला, आळशाला दुप्पट काम. सगळ्या वस्तू आपल्या डब्यावर आल्या. फोनवर बहीण घडाघडा बोलली. कॅमेऱ्यात खिडकी जागेवर. लेक म्हणाली, झालं ना समाधान?

डब्याचं नाव बदललं. माझं कुठे बदललंय? आणि उंदराच्या मिशा तर पोरीनं स्पीकरवर शंभरदा म्हटल्यात.

सोमवार, ११ तारीख

दोघं कामावर गेली तशी मी सगळे प्लग उपटले. भिंगरीला गच्चीवर नेलं आणि नवी खूण कानात सांगितली. इथेही लिहीत नाही.

दुपारी अडगळीतून हसण्याचा आवाज. पोर भिंतीला गाल लावून उभी. विचारलं, कुणाशी बोलतेस? म्हणाली, तुझ्याशी.

खूण विचारलीस का? विचारली म्हणे. जुनी विचारली तर तू म्हणालीस, पाच, सहावी माझ्याकडे आहे. मग नवी सांगितलीस. बरोबर सांगितलीस.

मी म्हटलं, अगं, ही मी इथे आहे. तर म्हणाली, तू लांबून बोलतेस. ती जवळून बोलते.

मी तिच्यापासून हातभर होते.

मंगळवार

हाक मारते, बघत नाही. भिंतीकडून मला ऐकू न येणारं काही होतं, लगेच ओ देते. प्रत्येक वेळी ओ दिली की तिचा हात आणखी गार —

काल रात्री अडगळीला कडी घातली, दाराशी पेटी लोटली. पेटी सकाळी बाजूला. कुणी सरकवली? तूच सरकव म्हणालीस की, म्हणे.

लेकीला फोन केला. लगेच ये म्हटलं. पलीकडून लेक म्हणाली, आई, तू आत्ताच तर फोन केलास. सगळं ठीक आहे म्हणालीस. गोड बोललीस.

मी गोड —

बुधवार

पोर मांडीवर. धरून ठेवलीय. पायात चाक नाही आज, नुसती जड, माझ्यानं उचलवत नाही.

आता कळलं. भिंतीतली ती हाक मारते, जो ओ देतो त्याला धरते. नाव आणि खूण, दोन्ही तिच्याकडे. तिला माणूस कळत नाही. मग पोरच हवी असं कुठे आहे? पोरीच्या नावानं हाक येईल. पोरीच्या आवाजात ओ मला देता येते, लहानपणापासून नकला करतेय —

लेकी, वही टेबलावर उघडी ठेवतेय. आलीस की आधी पोर उचल. सामान राहू दे. पाळणाघर, गाव, कुठेही, पण या भिंतीपासून लांब. मागून माझा आवाज येईल. गोड येईल. मी कधी गोड बोलले होते का, एवढं आठव आणि वळू नकोस.

भिंत बोलतेय. भिंगरी तोंड उघडतेय, हात ठेवलाय तिच्या —

हाक आली की ओ पोरीनं द्यायची नाही. तू द्यायची नाहीस. ओ मी द्यायची, फक्त मी, आणि मी दिली की दुसऱ्या कुणी